सातवी ओळ

सहावा उंदीर काही केल्या काट्यावर स्थिर राहीना. दीपमालाने श्वास धरला. हा शेवटचा. खोकल्यावरच्या मुळीचा अर्क पाजून आज चौदा दिवस झाले होते, आणि हेमकांत सरांनी आधीच बजावलं होतं, "या खेपेला एक जरी दगावला तरी मुळी बंद. विषय बदला, पीएच.डी. पहिल्यापासून."

"दोनशे सहा," ती म्हणाली. "पंचवीस ग्रॅमने वाढलाय, सर."

सरांनी चष्मा पुसला, काटा पुसला. उंदीर तेवढा पुसायचा राहिला. पुन्हा वजन केलं. दोनशे सहाच. वहीत सहा ओळी, सहाही जिवंत. मागच्या पानावर तीन ओळींपुढे फुल्या होत्या. तेव्हा मुळी स्पिरिटमध्ये भिजवली होती. शास्त्र म्हणजे स्पिरिट, हा सरांचा हट्ट. या वेळी नुसत्या पाण्यात उकळली होती.

पाण्यात उकळायला सांगणारी वैदू धनुबाई काठी गावाकडच्या डोंगरातून निकाल ऐकायला आली होती. दाराशी बसूनच बोलली, "दारूमा माणूस टिकत नही, मास्तर, उंदीर काय टिकी?"

सरांना हसू आलं की ठसका, कळलं नाही. नंदुरबारात मिरची वाळवायच्या पथाऱ्या पसरल्या की दोन महिने सर असेच खोकत. खोकल्याच्या औषधावर संशोधन करून घेत आणि खिशात गोळ्या बाळगत.

"पहिला टप्पा पार," खोकत खोकत त्यांनी सही ठोकली. "अभिनंदन. तुझं."

"मन्हं नही का?" म्हणत धनुबाईने पिशवीतून बाटली काढली. झाकणात त्याच मुळीचा काढा ओतला आणि आधी स्वतः प्याली. देणाऱ्याने आधी प्यायचं, मग रोग्याने. तिच्याकडे औषध असंच देतात. दुसरं झाकण भरून तिने सरांपुढे धरलं.

"ले, मास्तर. खोकलानंच औसद शे."

सरांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. सहाही उंदीर निवांत मिशा साफ करत होते. सरांनी डोळे मिटले आणि झाकण रिकामं केलं.

दीपमालाने सहाव्या ओळीखाली सातचा आकडा घातला.

"सर, तुमचं वजन किती लिहू?"