काकूकडचं

"तुमच्याकडून आलंय," डॉक्टरीणबाईंनी अर्जुनरावांना सांगितलं. "वर्षालीत सापडलेला जनुकातला दोष तुमच्या रक्तात आहे. इंदुताईंच्या नाही."

अर्जुनरावांना बायकोकडे बघवेना. चाकणच्या कंपनीत ते क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला, होते. पार्ट खराब निघाला की आधी बाहेरून माल पुरवणाऱ्याला झापायचं, आपली लाइन मागाहून तपासायची, ही तिथली रीत. लेकीच्या, वर्षालीच्या, स्तनात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा घरीही त्यांनी तेच केलं. इंदुताईंची आई याच रोगानं गेली होती. मग आणखी काय तपासायचं? त्यांच्या लेखी विषय मिटला.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दिवाळीनंतर राजगुरुनगरला पुतणीचा, तनुजाचा, साखरपुडा होता. वर्षालीचं आजारपण कानावर गेल्यानं मुलाकडची मंडळी कुजबुजायला लागली. तेव्हा हे गृहस्थ भर मांडवात छाती काढून बोलले, "हे तिच्या आईकडून आलंय. आमच्या रक्तात नाही." मंडळी निवांत जेवली. इंदुताई त्याच पंगतीत जिलेबी वाढत होत्या. ऐकूनही त्यांनी मान वर केली नव्हती, हे अर्जुनरावांना आत्ता आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुरुषांकडूनही येतं हे," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "तुम्हाला मोठे भाऊ आहेत ना? त्यांची तपासणी करा. त्यांच्या मुलीचीही."

दवाखान्याच्या पायरीवर अर्जुनराव बसले. "इंदू, दादाला आता कुठल्या तोंडानं सांगू? आणि तुला तरी..."

"माझं राहू द्या," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी फोन लावून नवऱ्याच्या हातात दिला. "आधी तनुजाशी बोला."

ते बोलले. अडखळत, पण सगळं बोलले. दोष आपल्याच घराण्यातला आहे, मांडवात आपण न तपासताच बोललो, काकूवर उगाच आळ घेतला, हेही.

"काका," तनुजा हळूच म्हणाली, "मला बी गाठ लागतीय. सुपारीएवढी. साखरपुड्याच्या आधीपासनं. तुमी म्हणला व्हता ना, काकूकडचं हाय, म्हणून मी कुणाला दाखवलीच न्हाई."