राखणदार पुढे चालतो

तोच ओढा दुसऱ्यांदा आडवा आला तेव्हा केशरला कळलं, आपण वाट चुकलो.

रोज शाळेच्या बसमधून उतरलं की ती आणि तिची मैत्रीण शिल्पा मोठ्या रस्त्याने आपल्या गावी, गुंदला, चालत जायच्या. आज शिल्पा शाळेला आलीच नव्हती, आणि केशरबाईंना रानातली जवळची वाट धरायची हुक्की आली. आता झाडांखाली अंधारून आलं होतं. या रानात अस्वलं आहेत, वाघही आहे.

तिला कान्हू आज्जाची गोष्ट आठवली. रानात चुकलेल्या पोरांना राखणदार घरी पोचवतो. भूतच ते, पण मायाळू. अंगावर कांबळं, हातात काठी. "त्यो फुडनं चालतो. आपुन मुकाट मागनं जायाचं, बोलायचं न्हाई," आज्जा सांगायचा. त्याने स्वतः राखणदार कधी पाहिला नव्हता. पण सांगायचा असं, जणू कालच दोघांनी एका चंचीतलं पान खाल्लं.

केशरने हात जोडले. "राखणदारा, मला घरी ने रे!"

समोरची झाडी हलली. कांबळं पांघरलेला एक उंच माणूस काठी टेकत बाहेर आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरून मागे पाहिलं, मान डोलावली आणि चालू लागला.

केशर त्याच्या मागे निघाली. थोडं पुढे जाते तोच पाठीमागे पाचोळा वाजला. ती थांबली. पाचोळाही थांबला. ती चालली, तसा तोही वाजू लागला.

तिला रडू फुटलं. पुढच्याला सांगावं, तर बोलायची बंदी. मागे बघायची छाती नव्हती. तिने दोन्ही कानांत बोटं घातली आणि कांबळ्यावरची नजर ढळू दिली नाही. वाट फुटली की तो थांबायचा, मान कलती करायचा आणि मग वळायचा. लवकर चल की रे, ती मनात म्हणत होती. आता मानेवर झडप पडणार, आता पडणार.

शेवटी घराचा दिवा दिसला. अंगणात आज्जा बॅटरी घेऊन उभाच होता. केशरने त्याला मिठी मारली आणि भोकाड पसरलं.

कांबळेवाला पायरीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं. राखणदाराला तहान लागते, हे आज्जाच्या गोष्टीत कुठेच नव्हतं.

"मी परशू, रामनगरचा," तो धापा टाकत म्हणाला. "भनीची म्हस हुडकायला रानात शिरलो नि दुपारधरनं भटकतोय. मोबाईलला रेंज न्हाई. जीव घाबरा झालता बगा."

तांब्या रिकामा करून त्याने अंधारातल्या वाटेकडे पाहिलं.

"आज्जा, त्या म्हाताऱ्या बाबास्नी बी आत बलवा की. पोरीच्या मागनं येत हुते, त्येंनीच तर वाटभर मला सांगितलं, कुटं वळायचं ते."