डावं चाक आधी

"इथे उतरायचं नाही," बाउदिलिओने रेडिओवर पुन्हा बजावलं. "पट्टी उत्तर-दक्षिण आहे आणि वारा पश्चिमेचा. हा आडवा वारा तुझ्या त्या काडेपेटीएवढ्या विमानाला झेपायचा नाही. परत फिर."

"परत कुठे फिरू, मास्तर?" एर्मिंदाचा आवाज खरखरत आला. "निघाले तेव्हा पानही हलत नव्हतं."

पातागोनियाच्या त्या उघड्याबोडक्या किनाऱ्यावरची एवढीशी धावपट्टी बाउदिलिओच सांभाळायचा. एर्मिंदाला उडायला शिकवलं ते त्यानेच, आणि वारा सुटला की जमिनीवर बसून राहायची तंबीही त्यानेच दिली होती. चाक टेकलं की सुटलो असं समजून ती हातातला सुकाणूचा दांडा सैल सोडायची. वाऱ्याला तेवढंच हवं असतं. पुरुषांना वाऱ्यात सोडता, मग मलाच का नाही, असं ती तोंडावर विचारायची. तो नळीने मातेचा कडू चहा ओढत राहायचा. गेले काही महिने ती गावात फिरकलीच नव्हती. रुसली असेल, असं तो धरून चालला होता.

आज सकाळी तिच्या मेंढ्यांच्या फार्मवरून म्हाताऱ्या मेंढपाळाने निरोप दिला. बाई अडली आहे, पोर आडवं आलंय. नदीवरचा पूल वाहून गेलाय आणि मालक, दोघे भाऊ, मेंढरांमागे डोंगरात आहेत. दोघी जावा विमानाने निघाल्यात. विमान दोनच माणसांचं, आणि त्या घरात ते उडवणारी एकटी एर्मिंदा. बाउदिलिओने इस्पितळाची गाडी पट्टीच्या कडेला आणून उभी केली आणि धाकट्या जावेसाठी, रोसाउरासाठी, छातीवर क्रूस काढला.

वारा मात्र त्यानंतर सुटला.

त्याने तिला वारा पडेपर्यंत घिरट्या घालायला सांगून पाहिलं. संध्याकाळपर्यंत पोर थांबणार नाही, असं उत्तर आलं. मग त्याने किनाऱ्याने खाली, शहराच्या पट्टीवर जायला सांगितलं. ती पट्टी पश्चिमेकडे तोंड करून होती, तिथे वारा समोरून मिळाला असता.

"तासभर लागेल," एर्मिंदा म्हणाली आणि मध्येच थांबली. रेडिओ नुसता खसखसत राहिला. मग तिने पुढचं एका दमात सांगून टाकलं. "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी उतरणार आहे. कसं ते सांगायचं तर सांगा."

बाउदिलिओने कपाळाला हात लावला.

ती दक्षिणेकडून आली. पट्टीच्या तोंडाशी वाऱ्याने विमान असं ढकललं की ते थेट गाडीच्या डोक्यावर आलं. ड्रायव्हरने गाडीखाली दडी मारली. एर्मिंदाने इंजिनाला जोर दिला आणि ते पुन्हा उचललं.

"बास झालं," बाउदिलिओ म्हणाला. "दोघींना मारशील."

"परत येते."

तो रेडिओ घेऊन उघड्यावर आला. वाऱ्याने त्याची टोपी नेली, तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"ऐक तर मग. नाक वाऱ्याकडे ठेवून तिरकी ये. पट्टीवर आलीस की उजव्या पायाचं पेडल दाबून नाक सरळ कर आणि डावा पंख खाली. डावं चाक आधी टेकू दे. मग दांडा वाऱ्याकडेच धरून ठेव."

"माहितेय."

"माहितेय तर कर. रोसाउरा कशी आहे?"

"घाबरलीये."

"तिला म्हणावं, सावकाश श्वास घे."

"तीच मला सांगतेय ते."

अशा वेळीही एर्मिंदाची जीभ चालतेच, असं त्याच्या मनात आलं, आणि नको असताना त्याला हसू फुटलं.

या वेळी ती खेकड्यासारखी तिरकी आली. अगदी शेवटी नाक सरळ झालं आणि डावा पंख इतका खाली गेला की टोक गवताला लागतंय की काय, असं वाटलं. पंख तसाच राहिला. डावं चाक टेकलं. कितीतरी वेळ विमान त्या एका चाकावर धावत होतं. वारा उजव्या बाजूला ढकलत होता आणि ती तसूभरही जागा देत नव्हती. मग दुसरं चाक आलं, पण दांडा सुटला नाही. विमान पट्टीच्या बरोबर मध्यावर थांबलं.

बाउदिलिओचे डोळे भरून आले. वाऱ्यामुळे, असं तो पुढे सगळ्यांना सांगणार होता.

स्ट्रेचर घेऊन माणसं उजव्या दाराकडे धावली. त्यांच्यामागून तोही धापा टाकत पोचला. दार धाडकन उघडलं आणि रोसाउराने खाली उडी मारली. तिला आधार द्यायला दोघे पुढे झाले, तसे तिने त्यांचे हात झटकले.

"मला काही झालेलं नाही. पलीकडच्या दाराने जा," ती म्हणाली, "कळा एर्मिंदाला येतायत."