कोरडी डबी

"पुन्हा ओल!" कानाचं मशीन भिंगाखाली धरून दुरुस्तीवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. एवढंसं मशीन, पण आतून दमट, आणि तोंडाशी मळाचं घट्ट बूच.

समोर म्हातारेबुवा चोरी पकडली गेल्यासारखे बसले होते. शेजारी त्यांची लेक.

"अंघोळीला जाताना काढत नसणार," लेक म्हणाली. "सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"हे अंघोळीचं नाही." बाई तशा फटकळच. मळ खरवडून त्यांनी मशीन पुसलं, वाळवलं आणि बुवांच्या कानात बसवलं. "आजोबा, हे घालून झोपता ना? कान उशीवर दाबला की मळ आत जातो, घाम मुरतो. रात्री ठेवायला मी डबी दिली होती, तिचं काय केलंत?"

बुवांनी खिशातून ती पारदर्शक डबी काढली. ओल शोषली की हिरवे पडणारे आतले दाणे अजून कोरे करकरीत केशरी होते. डबी उघडलीच गेली नव्हती.

"आणखी एकदा असं आणलंत तर मशीन गेलंच म्हणून समजा. मग माझ्या हातात काही नाही."

"रात्रीच तर लागतं," बुवा म्हणाले.

लेक हसली. "रात्री कोण बोलतं तुमच्याशी?"

"तुझी आई."

लेकीचं हसू विरलं. आजारपणात आईचा आवाज गेला, त्याला बरेच दिवस झाले होते.

"पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवते. तेवढंच. मशीन काढलं तर ते मला ऐकू येत नाही."

आई आता रात्रभर शांत झोपते, असं लेक आल्यागेल्याला कौतुकाने सांगत असे. लेक स्वतः झोपायची शेजारच्याच खोलीत.

"मला उठवायचं की, बाबा."

"तू दमून येतेस."

बाईंनी उगाचच टेबलावरचा ब्रश उचलून पुन्हा ठेवला. "ते सगळं खरं, आजोबा," त्या जरा खाली आलेल्या आवाजात म्हणाल्या, "पण मशीनला कधीतरी कोरडं व्हायला मिळालं पाहिजे हो."

बुवांनी क्षणभर विचार केला. मग मशीन कानातून काढलं, डबीत ठेवलं आणि झाकण फिरवून घट्ट केलं.

"दिवसा ठेवतो," ते म्हणाले.

लेक त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "बाबा! मग दिवसभर आमचं बोलणं कसं ऐकू येणार तुम्हाला?"

"आत्ता आलं की ऐकू," बुवा डबी खिशात टाकत म्हणाले. "तुम्हाला ओरडता येतं."