चिमूटभर लँथॅनम

१९७४ साली सांगलीच्या कॉलेजात उमा विजेचे कपॅसिटर बनवण्यासाठी बेरियम टायटनेटच्या भुकटीत चिमूटभर लँथॅनम मिसळून चकत्या भाजायची. दरवेळी चकतीला तडा जायचा. ती घरी यायचं नाव घेईना, तेव्हा शेवटी पाटणहून सासूबाई, मनुबाई, तिला घरी न्यायला थेट प्रयोगशाळेत आल्या. खलातली भुकटी त्यांनी बोटांनी चोळून पाहिली.

"लय जाड हाय गं. सरक."

दुपारभर त्या घोटत बसल्या. दोन दिवसांनी भट्टीतून अखंड चकती निघाली. उमाने ती मीटरला जोडली आणि काटा पहिल्यांदाच हवा तिथवर गेला. तिने सासूबाईंचे पांढरे झालेले हात हातात घेतले.

आठवड्याने उमाचा नवरा दोघींना न्यायला आला. मनुबाईंनी खलातून मान वर केली नाही.

"तू हो म्होरं. आमचं काम हाय अजून."