एकाला एकदाच

घंटेचा पहिला टोला पडला आणि सर सवयीने उठून उभे राहिले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मेहुणीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा समोर. समोर चादरीखाली सरांची बायको होती. पहाटेच गेली होती. शववाहिका दाराशी लागली होती आणि उचलायला वाकलेले शेजारी घंटा ऐकून तसेच वाकलेले राहिले होते.

"भाऊजी, अजून कोण जायला हवंय?"

"तसं नव्हे गं. विद्यापीठाची घंटा हिच्यासाठी नाही वाजत. ती फक्त प्राध्यापकांसाठी."

घंटेबद्दल सरांना कुणी शिकवायची सोय नव्हती. घंटेचा इतिहास त्यांनीच लिहिला होता, उशीएवढा जाड. तिच्या काठावरची नक्षी म्हणजे ज्ञानाच्या लाटा, आतला लोलक म्हणजे गुरूची वाणी आणि अंगावरची भेग म्हणजे सत्याने सोसलेला घाव, असं त्यांनी त्यात सिद्ध केलं होतं. भेग खरं तर घंटा वर चढवताना हमालांच्या हातून सुटली म्हणून पडली होती. ते तळटीपेत होतं.

घंटा समितीचे ते तहहयात अध्यक्ष. निवृत्तीनंतरही विद्यापीठाच्या आवारातला बंगला त्यांच्याकडे राहिला तो त्यामुळेच. नियमही त्यांचेच. प्राध्यापक गेला की वाजवायची, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबायचं नाही आणि एकाला एकदाच. घरच्यांसाठी नाही. मागे एका तरुण प्राध्यापकाने आईसाठी विचारलं, तेव्हा सर म्हणाले होते, "घंटा विद्येची आहे, आणि विद्येला नातेवाईक नसतात." वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की घंटेच्या मनोऱ्याखाली संगमरवरात कोरून ठेवलं.

आपण गेल्यावर वाजेल त्या घंटेची मात्र सरांना फार हौस. दुपारी आडवे झाले की ते ती मनातल्या मनात ऐकत. त्या दिवशी वारा कुठल्या बाजूचा असावा हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

कुलसचिव धापा टाकत आत शिरले. हातात पुष्पचक्र, पुष्पचक्रावर फीत, फितीवर सरांचं नाव, सगळ्या पदव्यांसकट. सर उभे दिसल्यावर त्यांनी चक्र पाठीमागे लपवलं. पण चक्र त्यांच्यापेक्षा रुंद होतं.

"सर! तुम्ही... बरे आहात?"

"मी ठीक आहे. ही गेली."

"ही कोण?"

पुढचा टोला पडला.

झालं होतं ते साधंच. फाटकावरच्या पहारेकऱ्याने शववाहिकेला विचारलं, कुठे? ड्रायव्हर म्हणाला, सरांकडे. पहारेकऱ्याने मनोऱ्यावर फोन केला, मनोऱ्यावरून कुलसचिवांना. त्यांची तरी काय चूक? बंगल्याच्या पाटीवर एकच नाव होतं. बायको एकदा म्हणाली होती, खाली माझंही घाला की. पण पदव्यांनी पाटी काठोकाठ भरलेली.

"थांबवतो सर, आत्ता थांबवतो!" कुलसचिवांनी फोन लावला. मनोऱ्यावर उचलतंय कोण? घंटा वाजवणारा कानांत कापसाचे बोळे घालून फाटकाकडे डोळे लावून बसायचा. तोही नियमच. "काळजी करू नका, माणूस पळवतो वर. मधेच थांबली तर ती चाचणी धरता येते, तुमच्याच नियमात आहे. तुमची घंटा शाबूत राहील."

"आणि नाही थांबवली तर?"

"तर मग... तुमची वाजली, सर."

"म्हणजे माझी ताई मेली ती चाचणी होय?" मेहुणी म्हणाली.

चादरीबाहेर बायकोचा उजवा हात आला होता. मधल्या बोटावर पेनाचा घट्टा. घंटेचा अख्खा इतिहास तिने उतरवून काढला होता, कारण सरांचं अक्षर सरांनाही लागत नसे. एकदा जवळून बघायचीय हो ती, एवढंच म्हणायची. मनोऱ्याच्या अंगणात झगा घातल्याशिवाय जाता येत नाही, हे सर तिला दर पदवीदानाला समजावून सांगत.

सरांनी हात चादरीत घातला.

"वाजू दे."

"सर, नीट विचार करा. पुन्हा नाही मिळायची."

"माझीच वाजली म्हणा. ऐकायची होती, ऐकली."

कुलसचिवांचा जीव भांड्यात पडला. "मग सर, शोकसभेला सभागृह घेतलंच आहे. तुम्ही स्वतः आलात तर..."

मेहुणीने कुलसचिवांकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. सरांनी त्यांच्या हातून चक्र घेतलं, फीत ओढून काढली आणि चुरगाळून खिशात कोंबली. चक्र बायकोच्या पायाशी ठेवलं.

शववाहिकेत ते ड्रायव्हरशेजारी बसले. फाटकावर पहारेकरी कडक सलाम ठोकून उभा होता. पुढच्या सीटवर सर दिसले तसा त्याचा हात कपाळालाच चिकटला.

"डावीकडे घ्या," सर ड्रायव्हरला म्हणाले.

"फाटक तर समोर आहे, साहेब."

"माहितीये. मनोऱ्याच्या अंगणातून घ्या. आणि सावकाश."

"तिथे पाटी आहे ना, प्रवेश नाही म्हणून?"

"ती मीच लावलीय."

गाडी वळली. वर मनोऱ्यात कानांत बोळे घातलेला माणूस रिकाम्या फाटकाकडे बघत घंटा वाजवत राहिला.