दोन हजार पाचशे एकवीस

एक दाणा उरला.

चैत्या भगताने सारवलेल्या भुईवर दोन-दोन तांदूळ सारत आणले आणि शेवटचा एकटा दाणा बोटाने बाजूला केला. तांदूळ बायजीच्या ओंजळीतले. उरेल तो दाणा म्हणजे देवाने मागितलेला घरातला जीव. एकही उरला नाही, तरच सुनेने उंबरा ओलांडायचा. सून सुषमा भिंतीला टेकून बसली होती. पहाटेपासून कळा येत होत्या, मूल आडवं आहे असं आशाताई सांगून गेली होती, आणि डहाणूला न्यायला जीवनची जीप अंगणात उभी होती.

"तीन-तीनने बघ," बायजी म्हणाली.

पुन्हा एक.

बायजीचा मुलगा उमेश तलासरीच्या शाळेत गणित शिकवायचा. आई भांडून हटायची नाही, हिशेबाने हटेल, असा त्याचा हिशेब. वर्गाची हजेरी घ्यावी तसा तो मनात मोजत बसला होता.

"चैत्याकाका, कशाला दमता? तीन-तीनचे आठशे चाळीस झाले, वर एक. म्हणजे दाणे दोन हजार पाचशे एकवीस. आता चाराने मांडा, साताने मांडा, दहापर्यंत कशानेही मांडा. एकच उरणार."

चैत्याचा हात थांबला. "तुला रे कसं ठाऊक?"

"या आकड्याचा स्वभावच तसा. दोन हजार पाचशे वीसला दहापर्यंतचा प्रत्येक आकडा पुरा भागतो. हा त्याच्यापुढचा एक. यात देव नाही, पाढे आहेत."

बायजीने पदर तोंडाला लावला. "शिकलेला पोरगा सांगतो, कसंही मांडा, एक जाणारच."

"तसं नाही गं आये!" बाहेर जीवनने हॉर्न वाजवला. उमेशला घाई झाली, आणि घाईत शहाण्याला जास्तच शहाणपण सुचतं. "अकराने मांडा. एक उरला तर नोकरी सोडतो."

"देवाशी पैज लावतो काय, उमश्या?" चैत्या हसला. "लाव."

उमेश स्वतः मांडायला बसला. मध्येच सुषमा कण्हली, त्याने मान वर केली नाही. मोजणी चुकली असती. अकरा-अकराचे दोनशे एकोणतीस ढीग झाले.

मास्तरांचं गणित खरं निघालं. एक उरला नाही.

दोन उरले.

दाण्यांकडे कोणी बघेना. सगळे सुषमाच्या पोटाकडे बघत होते. बायजी उठून अंगणात गेली. "ने बाबा गाडी परत." जीप वळली, गंजाडच्या रस्त्याला लागली. उमेश ढिगांपाशीच बसून होता.

"अहो," सुषमा हळूच म्हणाली, "बाराने बघा ना."

उमेशने मनात केव्हाच भागलं होतं. बाराने पुन्हा एकच उरत होता. दोघांतला कोणता जीव, ते पाढ्यांत नव्हतं.